कुंपणाआडचं पाणी

अकोल्याला गाडी बदलून वाशीमकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो तेव्हा सकाळ कोवळी होती, तरी खिडकीची सळई हाताला गरम लागत होती. डब्यात गर्दी नव्हती. समोरच्या बाकावर एक म्हातारा आंब्यांची करंडी मांडीवर घेऊन झोपला होता. रूळांच्या दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं होती आणि मधूनच एखादा पळस. इंदू असती तर तिनं प्रत्येक स्टेशनाचं नाव यायच्या आधीच सांगितलं असतं. ती गेल्यापासून मी कुठलाच प्रवास केला नव्हता. हा केला तोही स्वतःच्या मर्जीनं नव्हे.

इंदूच्या माहेरी एक रीत आहे. वऱ्हाडात अखजीला (अक्षय तृतीयेला) घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या घड्यात पाणी भरून पुजतात. पुरुषासाठी भरायचा तो करा आणि बाईसाठी भरायची ती केळी. हे सगळीकडेच असतं. पण तिच्या गावात त्यापुढं आणखी एक गोष्ट आहे. गावची लेक कुठंही नांदो, कुठंही मरो, तिची पहिली केळी माहेरी पुजायची आणि ती गावच्या बारवेच्या पाण्यानं भरायची. तिची मुंबईची आत्या गेली तेव्हा इंदूनं मला हे सांगितलं होतं. सांगताना ती हसली नव्हती, म्हणून मी लक्षात ठेवलं.

त्या गावाचं नाव मी या लेखात दिलेलं नाही. प्रवासवर्णनात असं करणं अप्रशस्त आहे, हे मला कळतं. सारा जन्म मी नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि ठिकाणांची नावं गाळणाऱ्या लेखकांवर मी स्वतःच चिडत असे. कारण पुढं येईल.

जऊळक्याला उतरलो. स्टेशनाबाहेर लिंबाच्या सावलीत एक कुंभारीण मडकी मांडून बसली होती. मी केळी मागायच्या आधीच तिनं विचारलं, "मानूस का बाई?"

"बाई."

तिनं ढिगातून एक काढली, बोटाच्या पेरानं टिचकी मारून नाद ऐकला, ती बाजूला ठेवली आणि दुसरी काढली. तिच्या वागण्यात कुठंच सहानुभूती नव्हती. गेल्या काही महिन्यांत सहानुभूतीनं मी इतका दमलो होतो की मला त्या बाईचं बरं वाटलं.

ऑटोवाला मात्र बोलका निघाला. माझा चष्मा, इस्त्रीचा शर्ट आणि खांद्यावरची झोळी त्यानं आरशातून बराच वेळ पाहिली. गावाचं नाव सांगितल्यावर तर त्यानं वेगच कमी केला. साहेब मोजणीवाले का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. मग पेपरवाले का? तेही नाही म्हणालो.

"मंग तिकडं कायले चालले? तिकडं आता पावने जात नाई. जो येते तो फीत घेऊनच येते."

फीत म्हणजे मोजणीची. मी त्याला मांडीवरची केळी दाखवली. त्यानं ती पाहिली, पण विश्वास ठेवल्याचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. फीत केळीतही लपवता येते, असं त्याला वाटलं असावं.

रस्ता नवा डांबरी होता. गाव समोर दिसू लागलं आणि डांबर एकाएकी संपलं. सुरीनं कापावं तशी सरळ रेघ होती आणि पुढं जुनी खडी. ऑटो त्या कडेवरून खाली आदळला. केळी माझ्या हातांतच होती, पण तिच्या पोटावर केसाएवढी चीर गेली. ऑटोवाल्यानं मागं वळून पाहिलं.

"डांबर इथंच थांबलं. इथून बारवेची हद्द लागते," तो म्हणाला. मग जरा वरमून म्हणाला, "केळी फुटली का हो?"

म्हणजे ती खरोखरच केळी होती, हे त्याला फुटल्यावर पटलं.

गावात शिरताना उजव्या हाताला चहाचं हॉटेल आहे. बाकावर चारदोन माणसं बसली होती. माझा ऑटो थांबताच त्यांचं बोलणं थांबलं. लग्नानंतर कितीतरी वेळा मी या हॉटेलावरून गेलो होतो आणि दर वेळी कोणी ना कोणी 'या जवाईबापू' म्हणून चहाचा आग्रह केला होता. आता ती जुनी माणसं नव्हती आणि माझेही केस पांढरे झाले होते. एकानं विचारलं, "कोनाचे कोन तुमी?"

या भागात अनोळखी माणसाला नाव नंतर विचारतात. आधी हा प्रश्न. मी मधुकररावांचा भाऊजी, इंदूचा नवरा, असं सांगितल्यावर बाकावर जागा झाली आणि चहा आला. पण चहा पिऊन होईपर्यंत मी बारवेबद्दल काही बोलतो का, याकडे सगळ्यांचे कान होते. मी बोललो नाही. मलाही त्यांचा संशय येत होता. इतक्या लवकर आलेल्या चहाचा मला नेहमीच संशय येतो.

बारव हॉटेलाच्या मागंच आहे. मी पूर्वी पाहिली तेव्हा तो एक मोठा चौकोनी खड्डा होता. वरच्या काही पायऱ्या दिसत, खाली झुडपं आणि गाळ. एका कोपऱ्यात पाणी असे आणि त्यात मोटारपंपाचा पाइप सोडलेला असे. आता मी कुंपणाशी उभा राहिलो आणि खरं सांगायचं तर काही वेळ सगळं विसरलो. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत उतरत खाली जातात. निम्म्या खोलीवर भिंतीत कोनाडे आहेत, प्रत्येक कोनाड्याला दगडी महिरप, आणि एकात देवीची मूर्ती, जिचा चेहरा झिजून गुळगुळीत झाला आहे. त्याखाली फुलांची एक पट्टी सगळीकडून फिरते. कोण्या पाथरवटानं हे काम पाण्याच्या खाली जाणार हे माहीत असूनही केलं होतं.

आणि पाणी हिरवं होतं. त्यावर पानं कुजत होती.

कुंपण माणसापेक्षा उंच, लोखंडी गजांचं. फाटकाला कुलूप. शेजारी पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. इथं प्रवेश, उत्खनन, बांधकाम, पाणी उपसा यांना कायद्यानं मनाई आहे, असं काहीसं त्यावर होतं. फलकावरचं मराठी निर्दोष होतं. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नव्हता, तरी वाचून झाल्यावर ते कोणी कोणाला सांगतं आहे हे कळत नव्हतं.

मधुकरचं घर बारवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. मधुकर इंदूचा धाकटा भाऊ. दारात त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याची बायको सुमन आतून आली. तिनं माझ्या हातातली चिरलेली केळी घेतली आणि उलटी करून ओट्यावर ठेवली.

"राहू द्या भाऊजी. ताईची केळी मी तवाच घेऊन ठेवली," ती म्हणाली. "तुमी याल का नाई, भरोसा नव्हता."

मागच्या बाजूला गेलो तेव्हा घराची पाठच नव्हती. गेल्या पावसाळ्यात मातीची भिंत बसली होती. तिथं निळी ताडपत्री ताणून बांधली होती. वाऱ्यानं ती फुगे आणि खाली बसे, जणू घर धापा टाकत होतं. मधुकरला सरकारी घरकुल मंजूर झालं आहे. विटा येऊन अंगणात रचल्या आहेत आणि त्यांवर सुमननं कुरड्या वाळत घातल्या होत्या. पण घर हद्दीत येतं. हद्दीत नवं काही बांधायचं नाही, आणि पडलेली भिंत पुन्हा उभी करणं हे नवं की जुनं, याचा निकाल वाशीमच्या कचेरीत लागत नाही. तो मुंबईला लागतो, असं त्याला सांगतात. कधी सांगतात नागपूरला. अंगणवाडीची खोलीही हद्दीत आहे. तिचं छत गळकं झाल्यापासून पोरं मारुतीच्या पारावर बसतात. मोटारपंप काढून नेल्यापासून गावाला टँकर येतो.

जेवायला ज्वारीची भाकर, पिठलं आणि तक्कू (किसलेल्या कैरीचं झणझणीत तोंडीलावणं) होता. जेवता जेवता मधुकरनं सगळी हकिगत सांगितली. मी ती थोडक्यात लिहितो.

एका वर्षी उन्हाळ्यात बारवेनं तळ दाखवला. तेव्हा गावानं ठरवलं की गाळ काढायचा. दर घरटी एक माणूस. पहाटे उन्हाच्या आधी पायऱ्यांवर रांग लागायची आणि गाळाची घमेली हातोहात वर जायची. रिकामी घमेली दुसऱ्या रांगेनं खाली यायची. बायका, म्हातारे, कॉलेजातली पोरं, सगळे होते. बौद्धवाड्यातली माणसंही होती आणि ती याच पायऱ्यांवर याच रांगेत उभी होती, हे मधुकरनं आवर्जून सांगितलं. गाळ शेतात गेला आणि जसजसा तो निघाला तसतशा खालच्या पायऱ्या, कोनाडे, देवी, ती फुलांची पट्टी असं सगळं उघडं पडलं. कोणाच्या बापजाद्यांनीही ते पाहिलेलं नव्हतं. गावानं नारळ फोडला. आनंदाच्या भरात कोणीतरी फोटो काढून मोबाइलवर सगळ्यांना पाठवला.

"फोटो फिरत फिरत गेला कचेरीत," मधुकर म्हणाला. "मंग गाड्या आल्या. आमाले वाटलं सत्कारच करून राह्यले. सरपंचानं शाल आनली होती त्याईच्यासाठी."

शाल दिली गेली. त्यानंतर काही महिन्यांनी कुंपणाचे गज आले.

"गाळात होती तवरक आमची होती," सुमन म्हणाली. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली. "धुऊन पुसून ठेवली अन् दुसऱ्याची झाली. पोरीसारखं झालं."

इथं मला थोडं माझ्याबद्दल लिहिणं भाग आहे. दुर्मिळ पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावणं, हे माझं काम होतं आणि ते मी मनापासून केलं. उघड्या फळीवरचं पुस्तक पानापानानं चोरीला जातं, हे मी पाहिलं आहे. संरक्षण नसतं तर या बारवेचे दगड एव्हाना कोणाच्या तरी ओट्याला लागले असते, हेही मला ठाऊक आहे. मधुकरच्या अंगणातली एक पायरी मला तिथलीच वाटली. मी ती निरखतो आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तिच्यावर चप्पल काढली. पण कसर सगळ्यात आधी कुलूपबंद कपाटातल्या पुस्तकांनाच लागते, तीही मी पाहिली आहे. बारवेत पुन्हा गाळ बसू लागला होता. गावानं उतरायचं नाही आणि ज्यांची ती आता होती ते उतरत नव्हते.

मधुकरचा संशय एका माणसावर होता. गॉगल घालून पांढऱ्या गाडीतून येणारा, तालुक्याच्या गावचा एक ठेकेदार. कुंपण त्यानंच घातलं. हद्दीच्या अगदी पलीकडं लागून जमीन विकत घेणाराही तोच असल्याचं मधुकर सांगत होता. पर्यटक येतील, हॉटेल निघेल. त्याला पुरावा विचारला तर त्याच्याकडे नव्हता. मला मात्र वेगळीच शंका आली. कोणी एक माणूस हे सारं घडवतो आहे असं धरलं तर निदान कोणावर चिडायचं ते कळतं. पांढऱ्या गाडीवाला नसताच तर मधुकरनं काय केलं असतं?

मग उद्याचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी अखजी. गेल्या अखजीला बायका कुंपणावरून चढल्या, एकीचा पाय मोडला आणि तंबी आली की पुन्हा असं झालं तर गुन्हा दाखल होईल. फाटकाची चावी चौकीदाराकडे असते. तो गावचाच, बौद्धवाड्यातला, देवानंद. त्याला तर या वेळी बजावूनच ठेवलं आहे की कुलूप उघडलं तर नोकरी गेली.

मधुकर व्यवहारी आहे. तो म्हणाला, टँकरचं पाणी भरू, पाणी ते पाणी, केळीला काय समजतं.

सुमननं त्याच्याकडे पाहिलं. "बहिनीले टँकर पाजता का?"

मधुकर उठून हात धुवायला गेला.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर मी एकटाच बारवेकडे गेलो. सुमननंच सुचवलं होतं. ती म्हणाली, आमच्यापैकी कोणी गेलं तर तो आमचं मागचं काढील, तुम्ही बाहेरचे. मागचं म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही.

देवानंद फाटकाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रेडिओ ऐकत होता. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, खाकी शर्टाची वरची गुंडीही लावलेला. मी कोण ते सांगितलं. तो उठून उभा राहिला, इंदूताईला ओळखत होतो म्हणाला. ती सुट्टीत आली की त्याच्या बहिणीला पुस्तकं देत असे. ते मला माहीत नव्हतं. गज आमच्या मध्ये होते. त्यानं फाटक उघडलं नाही आणि मीही तसं सुचवलं नाही.

मी केळीचं सांगितलं. तो ऐकत होता, पण पाहत होता पाण्याकडे.

"माह्या आजीले या पायऱ्या उतरू देत नव्हते," तो म्हणाला. "ती इथं, तुमी उभे हा तिथंच, घागर ठेवून बसे. कोनाले दया आली तं वरून ओते. घागरीले हात न लावता. उन्हात दुपार दुपार बसे."

रेडिओ चालूच होता. त्यानं तो बंद केला.

"आता चाबी माह्यापाशी हाय. अन् गावच्या बाया इथंच येऊन उभ्या राहतात. लोकाईले वाटते मले मजा येऊन राह्यली."

"येते का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारून गेलो.

त्यानं जरा विचार केला. "पयल्या दिवशी आली. खोटं कायले सांगू." मग म्हणाला, "गाळ काढाले मी बी होतो साहेब. माह्या आजीचा नातू या पायऱ्याईवर सगळ्याईच्या रांगेत उभा होता. ते दिवस मले लय चांगले वाटले. अन् ते बी बंद झालं."

उद्या काय करणार, असं विचारलं तर सकाळी या, एवढंच म्हणाला. परत येताना मला वाटत राहिलं की याला काहीतरी हवं असावं आणि ते तो बोलत नाही. घरी मधुकर त्याहून पुढं गेला. तो कशाला देईल पाणी, म्हणाला, त्याच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं. सुमन पुरणाची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

अखजीच्या सकाळी ऊन नीट पडायच्या आधीच कुंपणाशी बायका जमल्या होत्या. ज्यांच्या घरी वर्षात कोणी गेलं होतं त्या. कोणाच्या काखेला करा, कोणाच्या केळी. सुमनच्या डोक्यावर इंदूची केळी होती, गळ्याशी पांढरा दोरा बांधलेली. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दोन पुरुष रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून पांढरी गाडी येते का ते पाहत होते.

देवानंद आतून आला. कुलपाजवळ आला आणि त्यानं ते हातात धरून पाहिलं, नीट लागलं आहे की नाही ते. मागच्या एका म्हातारीनं उसासा टाकला. मला वाटलं, संपलं.

मग तो गजांपाशी आला आणि दोन्ही हात बाहेर काढले.

"आना," तो म्हणाला. "आत यायची मनाई हाय. भरून द्यायची मनाई कोनी सांगतली नाई."

फलकावर उपशालाही मनाई होती. ती ओळ त्यानं रोज वाचली असणार. मीही कालच वाचली होती. कोणीच तिकडं पाहिलं नाही.

केळी उभ्या गजांतून जात नव्हती. काही वेळ सगळे त्याच्याशीच झटत राहिले. अखेर फाटकाखाली, जिथं पावसानं माती वाहून थोडी फट झाली होती, तिथून एकेक घडा आडवा करून आत सरकवला गेला. देवानंद तो उचलून पायऱ्या उतरे. शेवटच्या पायरीवर बसून तो पानं हातानं बाजूला सारी, पाण्याचा वरचा हिरवा थर हलवून दूर लोटी आणि खालचं पाणी भरे. पण भरलेला घडा फटीतून परत येईना, सांडू लागला. तेव्हा एका म्हातारीनं आपली घागर गजांना टेकवून धरली. देवानंदनं आतून आपली बादली भरून आणली आणि उंचावरून पाणी ओतायला सुरुवात केली. गजांमधून पाण्याची धार बाहेर, खाली धरलेल्या घागरीत.

तो थांबला. तसंच बादली धरून थांबला. खालची म्हातारीही थांबली. ती त्याच्या आजीच्या ओळखीची असण्याइतक्या वयाची होती. ती काय आठवत होती ते मला दिसलं नाही, कारण तिनं पदर पुढं ओढला होता.

"असं नोको," देवानंद म्हणाला. त्यानं बादली खाली ठेवली. एका गजाचं सिमेंट पायथ्याशी फुटलेलं होतं. ते ठेकेदाराचं काम. त्यानं तो गज हलवून, जोर लावून तिरका केला. मधुकर आणि आणखी एकानं बाहेरून धरलं. तेवढ्यातून भरलेला घडा उभाच्या उभा बाहेर येऊ लागला, एका हातातून दुसऱ्या हातात. गाळाची घमेली अशीच येत असतील.

इंदूची केळी आली तेव्हा मी ती घेतली. ओली, थंड, आणि मला वाटलं होतं त्याहून जड. माझा एक हात सवयीनं खिशातल्या मोबाइलकडे गेला. मुलगी पुण्याला असते, तिला दाखवावं असं वाटलं.

"फोटो नोका काढू भाऊजी," सुमन म्हणाली. "एक काढला होता."

मी हात काढून घेतला. शेवटचा घडा बाहेर आल्यावर सगळ्यांनी मिळून गज पुन्हा सरळ केला, आणि देवानंदनं त्याच्या बुंध्याशी पायानं माती दाबली. कुलूप आधीपासून लागलेलंच होतं.

घरी केळी गव्हाच्या राशीवर बसवली. तोंडावर पळसाची पत्रावळ, तिच्यावर पुरणपोळी, कुरडई, आंबा. चिंचोणी (चिंचेचं गोडसर सार) इंदूला आवडे, म्हणून तिची वाटी वेगळी. मधुकरनं छपरावर कागूर (कावळ्याचा घास) टाकला. ताडपत्री त्या दिवशी हलत नव्हती. माझा या साऱ्यावर विश्वास आहे का, हे मला तिथं बसूनही सांगता आलं नसतं. पण पाणी इंदूच्या गावचं होतं आणि ते तिच्या नावानं भरलं गेलं होतं. माझ्यापुरतं तेवढं पुरलं.

रीत अशी की पूजा झाल्यावर केळीतलं पहिलं पाणी ज्यानं भरून आणलं त्याला प्यायला द्यायचं. एरवी तो घरातलाच कोणी असतो. सुमननं पेला भरला आणि मधुकरकडे पाहिलं. मधुकर म्हणाला, ते लोक आपलं हे मानत नाहीत, कशाला न्यायचं. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण तो खरंच तेवढ्यासाठीच बोलत होता का, याची मला शंका आली. सुमननं ते ऐकलं आणि पेल्यावर ताटली झाकून बाहेर पडली. मी तिच्या मागं गेलो.

देवानंदनं पेला पाहिला. "आमी हे नाई मानत वहिनी," तो म्हणाला.

"मले मालूम हाय. पानी तूच भरलं न."

त्यानं पेला गजांतून घेतला आणि तोंड लावून प्याला. घाईनंही नाही, सावकाशही नाही. उन्हात काम केलेला माणूस पितो तसा. रिकामा पेला त्यानं परत दिला. सुमननं तो ताटलीवर उपडा ठेवला.

घरी आल्यावर तो पेला ती कुठं ठेवते, हे मी पाहत राहिलो. असं पाहणं चांगलं नाही. पण मी पाहिलं. तो इतर खरकट्या भांड्यांत गेला आणि दुपारी त्याच पेल्यातून मधुकर ताक प्याला. त्याला माहीत होतं की नाही, हे मला माहीत नाही. सुमनला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जऊळक्याहून परतीची गाडी धरली. फुटलेली केळी मी झोळीत घेतली होती. ती आता नाशिकला माझ्या टेबलावर आहे आणि तिच्यात मी पेनं ठेवतो. पाऊस सुरू झाल्यावर मधुकरचा फोन आला. ताडपत्री फाटली, दुसरी बांधली. भिंतीचं कुठंच काही नाही. बारव भरली आहे. कुंपणाचा एक गज सैल असल्याचं कोणीतरी कळवलं, चौकशी आली, आणि गावात प्रत्येकानं सांगितलं की म्हैस घासून गेली. कोणाची म्हैस, ते मात्र कोणाला माहीत नाही. देवानंद अजून नोकरीवर आहे.

तेव्हा गावाचं नाव मी का दिलं नाही, हे आता सांगायला नको. हा लेखही एक फोटोच आहे, आणि तो कोणाच्या हाती पडेल ते मी सांगू शकत नाही. बारव सुंदर आहे. ती टिकावी असं मलाही वाटतं. पण ती कोणासाठी टिकते आहे, असं विचारलं तर तिथल्या फलकावर त्याचं उत्तर नाही. ज्यांना जायचंच असेल त्यांनी जऊळक्याला उतरावं. आसपास बरीच गावं आहेत. डांबर जिथं कापल्यासारखं संपतं तिथं थांबावं. हॉटेलाच्या बाकावरून कोणीतरी विचारील, कोनाचे कोन तुमी. त्याचं उत्तर तुमच्यापाशी असेल तर पुढचं ते सांगतील.

नसेल तर नुसता चहा मिळेल.